नाशिकच्या वाइन पट्ट्यात तंबू टाकून गावं फिरायची आहेत? मग हा क्रम पाळा

मी नाशिकची. थंडी पडली की मुंबई-पुण्याच्या ओळखीच्या लोकांचे फोन सुरू होतात, आणि ट्रिप करून परत गेले की सगळ्यांची कहाणी एकच असते. शनिवारी पहाटे निघालो, बाराला पहिली वायनरी, मग दुसरी, मग तिसरी, संध्याकाळी सातला अंधारात धरणाच्या बाजूला जागा शोधत फिरलो, कसाबसा तंबू उभा केला, रात्रभर गारठलो आणि रविवारी कसारा घाटातल्या ट्रॅफिकमधून घरी. मी विचारते, दिंडोरीत काय बघितलं? पिंपळगावला थांबलात का? तर ही गावं त्यांनी फक्त रस्त्यावरच्या पाटीवर वाचलेली असतात.

चूक क्रमाची आहे. वाइन आधी, गाव जमलं तर आणि तंबू सगळ्यात शेवटी, असं केलं की तिन्ही फसतं. आधी तंबू, मग गाव, मग वाइन, आणि दिवसाला वायनरी एकच. तीन रात्री असतील तर उत्तम, दोन असतील तरी चालतं. एका रात्रीसाठी मात्र तंबू घेऊन येऊ नका, कारण अर्धा वेळ तो लावण्यात आणि काढण्यातच जातो.

## १. तारीख: द्राक्षाचं वेळापत्रक बघून ठरवा

वाइनच्या द्राक्षाची छाटणी सप्टेंबर-ऑक्टोबरात होते आणि काढणी साधारण जानेवारी ते मार्चच्या मध्यापर्यंत चालते. खायच्या द्राक्षाचा जोर थोडा पुढे, फेब्रुवारी ते एप्रिल. दिवाळीत आलात तर बाग हिरवी दिसेल पण घड तयार नसतील, आणि एप्रिलमध्ये खरड छाटणी, म्हणजे काढणीनंतरची मोठी छाटणी, झाली की नुसती खोडं आणि आडव्या फांद्या दिसतात, वर ऊन असं की तंबूत दुपारी बसवत नाही.

माझ्या मते जानेवारीचा तिसरा आठवडा ते फेब्रुवारी संपेपर्यंत हा काळ सगळ्यात चांगला, आणि तोही सोमवार ते गुरुवार. शनिवार-रविवारी गंगापूर-सावरगाव रस्त्यावरच्या मोठ्या वायनरीत इतकी गर्दी असते की टेस्टिंगवाल्याला दोन प्रश्न विचारायलाही फुरसत मिळत नाही.

सावधान: २६ जानेवारी आणि ३० जानेवारी हे ड्राय डे असतात, नेमके सीझनच्या मध्यात. शिवाय कुठलीही निवडणूक लागली तर मतदानाच्या आधीपासून आणि मतमोजणीच्या दिवशी विक्री बंद असते. लोक लाँग वीकेंड म्हणून २६ जानेवारी धरतात आणि वायनरीत जाऊन कॉफी पिऊन परत येतात.

तपासा: तारीख पक्की करण्याआधी वायनरीला फोन करून तीन गोष्टी विचारा. त्या दिवशी टेस्टिंग चालू आहे का, प्रवेशाचे पैसे वेगळे आहेत का आणि काढणी चालू असेल का.

## २. तळ: दोन पट्टे आहेत, एकच निवडा

नकाशात सगळं जवळ दिसतं म्हणून लोक एकाच ट्रिपमध्ये सगळं कोंबतात. प्रत्यक्षात दोन वेगळे पट्टे आहेत.

पहिला गंगापूर धरण ते गिरणारे. इथून सुला, यॉर्क, सोमा या वायनऱ्या जवळ पडतात, गिरणारे गाव हाताशी आणि दिंडोरी, मोहाडी, पिंपळगाव बसवंत दिवसात जाऊन येण्यासारखं. पहिल्यांदा येणाऱ्यांनी हाच घ्यावा.

दुसरा इगतपुरी-घोटी-कावनई. व्हॅलोने वायनरी कावनईजवळ आणि ग्रोव्हर झांपा वायनरी सांजेगावला, आजूबाजूला मुकणे आणि वैतरणा धरणांचं पाणी, भाताची खाचरं, कावनईचा छोटा किल्ला आणि कपिलधारा तीर्थ. मुंबईकरांना हा पट्टा जवळचा, आणि इथे गर्दी कमी.

दोन रात्रीत दोन्ही करायला जाऊ नका, तंबू उपटून परत लावण्यात आख्खा दिवस जातो.

आता जागेबद्दल, कारण सगळ्यात मोठ्या चुका इथेच होतात.

धरणाच्या भिंतीजवळ किंवा सरकारी हद्दीत मनाला येईल तिथे तंबू टाकता येत नाही. गंगापूर धरणातून नाशिक शहर पाणी पितं, तिथे रखवालदार उठवणार आणि त्याचं बरोबरच आहे. रीतसर कॅम्पसाइट घ्या, किंवा कृषी पर्यटनवाल्याकडे किंवा एखाद्या शेतकऱ्याकडे त्याची परवानगी घेऊन. परवानगी मालकाचीच हवी, बागेत काम करणारा दादा "टाका की" म्हणाला म्हणजे परवानगी झाली असं नाही.

जागा बघताना मी या चार गोष्टी बघते:

- पाट किंवा चारी जवळ नको. कोरडा पाट बघून लोक त्याच्या कडेला सपाट जागा पकडतात. आम्ही एकदा तेच केलं, रात्री दोनच्या सुमाराला आवर्तन, म्हणजे धरणातून शेतीला सोडतात ते पाणी, सुटलं, चारी एका ठिकाणी फुटलेली होती आणि तंबूखालची काळी माती तासाभरात चिखल झाली. पाट दिसला की मालकाला विचारा, आवर्तन कधी आहे.
- द्राक्षबागेला खेटून नको. भुरी-डावणी या रोगांसाठी फवारणी पहाटे किंवा संध्याकाळी होते, ट्रॅक्टरमागचा ब्लोअर फवारा लांबपर्यंत उडवतो. बागेच्या ओळीत तंबू फोटोला छान दिसत असेल, पण झोपायला ती जागा नाही.
- उसाच्या बाजूला अजिबात नको. निफाड-दिंडोरी-नाशिक सगळीकडे बिबट्या आहे आणि तो उसात राहतो. घाबरवायला सांगत नाहीये, इथली माणसं तो आहे हे गृहीत धरूनच रात्री पिकाला पाणी भरायला जातात. वस्तीजवळची, दिवा असलेली जागा घ्या, खरकटं बाहेर ठेवू नका, लहान मुलांना अंधारात एकटं सोडू नका, आणि रात्री बाहेर जायचं तर दोघांनी बॅटरी घेऊन, बोलत बोलत जायचं.
- पाण्याच्या अगदी काठाला नको. तिथे दव जास्त पडतं. थोडं वर, जिथे सकाळचं ऊन लवकर येईल अशी जागा घ्या.

तपासा: संडास, पिण्याचं पाणी आणि रात्री गाडी कुठे उभी राहणार, या तिन्हीची उत्तरं निघण्याआधी मिळाली पाहिजेत. आणि हो, आपली बाटली तिथे उघडलेली चालते का तेही कॅम्पवाल्याला विचारून घ्या, सगळीकडे चालत नाही.

## ३. सामान: नाशिकची थंडी हलक्यात घेऊ नका

मुंबईहून येणाऱ्याला वाटतं महाराष्ट्रात असून असून किती थंडी असणार. निफाडचा पारा डिसेंबर-जानेवारीत दहाच्या खाली जाणं ही नेहमीची गोष्ट आहे, काही वर्षी पाचच्या आसपास जातो. दुपारी मात्र तीसच्या जवळ. म्हणजे एकाच दिवसात टीशर्ट आणि कानटोपी दोन्ही लागतात.

झोपायची पिशवी पाच अंशाला चालेल अशी घ्या, नसेल तर दोन जाड चादरी आणि एक घोंगडी. त्याहून महत्त्वाचं म्हणजे खालची मॅट, कारण थंडी वरून कमी आणि जमिनीतून जास्त येते. मॅट नसेल तर खाली गोणपाट, त्यावर सतरंजी, हे जुनं गणित अजून चालतं.

खुंट्या लोखंडी घ्या आणि हातोडी विसरू नका. इथली बरीच माळजमीन मुरमाड आहे, तंबूबरोबर आलेली ॲल्युमिनियमची खुंटी दोन घावात वाकते. काळ्या मातीत उलटा प्रश्न, फेब्रुवारीत जमिनीला भेगा पडतात आणि खुंटी धरतच नाही, तिथे लांब खुंटी तिरकी मारावी लागते.

वाइनसाठी वेगळं सामान फार नाही. कॉर्कस्क्रू, न फुटणारे दोन-चार ग्लास, थर्मोकोलचा किंवा प्लास्टिकचा कूलर आणि दोन सुती पंचे. पंचे कशाला ते पुढे येतंय.

## ४. गाडी कोण चालवणार हे घरून ठरवून निघा

हा मुद्दा लोक वायनरीच्या पार्किंगमध्ये ठरवतात, तोवर उशीर झालेला असतो. टेस्टिंगमध्ये पाच-सहा वाइनचे छोटे घोट असतात, "एवढ्याने काय होतंय" वाटतं, पण रक्तात १०० मिलिलिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर अल्कोहोल सापडलं की मोटार वाहन कायद्याच्या कलम १८५ खाली पहिल्याच वेळी दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आणि दंड बाजूला ठेवा, या रस्त्यांवर संध्याकाळी मागे दिवे नसलेल्या ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात, कडेने कामावरून चालत घरी जाणाऱ्या बाया असतात. तिथे पिऊन गाडी चालवायची नाही म्हणजे नाही.

दोन मार्ग आहेत. एकाने त्या दिवशी अजिबात प्यायची नाही, अगदी घोटभरही नाही, आणि दुसऱ्या दिवशी पाळी बदलायची. किंवा नाशिकहून दिवसभराची गाडी ड्रायव्हरसकट ठरवायची, चार जणांत वाटून घेतली तर जड जात नाही. वायनरीपाशी ऐनवेळी रिक्षा-टॅक्सी मिळेल या भरवशावर राहू नका, गावाकडच्या बाजूला संध्याकाळी मिळत नाही.

तपासा: सगळ्यांची वयं. महाराष्ट्रात वाइनसाठी २१ पूर्ण लागतात. ओळखपत्र खिशात ठेवा, तंबूत नाही.

## ५. पहिला दिवस: तंबू आणि फक्त तंबू

मुंबईहून साधारण १६५ किलोमीटर, पुण्याहून २१० च्या आसपास. समृद्धीने इगतपुरीपर्यंत आलात तर घाट टळतो, पण बाइकवाल्यांनी लक्षात ठेवा, समृद्धीवर दुचाकीला बंदी आहे.

दुपारी तीनच्या आत तळावर पोचायचं. वाटेत कुठलीही वायनरी नाही, "फक्त दहा मिनिटं" सुद्धा नाही, ती दहा मिनिटं दोन तास होतात. आधी जागेवरचे खडे-काटे हाताने वेचा, बाभळीचा एक काटा मॅट आणि तंबूचा तळ दोन्ही फाडतो. तंबूचं दार पूर्वेकडे ठेवा म्हणजे सकाळचं ऊन आत येतं. वरचं कापड ताणून बांधा, सैल राहिलं तर आतल्या कापडाला चिकटतं आणि पहाटे तिथूनच थेंब टपकतात. वरचे झरोके थंडी वाजते म्हणून बंद करू नका, बंद तंबूत श्वासाचीच वाफ साचते आणि पहाटे सगळं ओलं.

आणि गॅस किंवा शेगडी तंबूच्या आत पेटवायची नाही, कितीही थंडी असली तरी. शेकोटी मालकाला विचारून, मोकळ्या जमिनीवर. फेब्रुवारीत गवत वाळलेलं असतं आणि बागेतली ठिबकची नळी प्लास्टिकची, एक ठिणगी शेतकऱ्याला फार महागात पडते.

तपासा: सूर्यास्ताआधी तंबू उभा, पाणी भरलेलं, बॅटऱ्या हाताशी. हे झालं असेल तर पहिला दिवस जमला.

## ६. सकाळ गावाची

गावं सकाळी जिवंत असतात, दुपारी एकनंतर अर्धी दुकानं झोपतात. लोक बरोबर उलटं करतात, सकाळी लोळतात आणि दुपारी उन्हात गाव बघायला जातात, मग म्हणतात तिथे काहीच नव्हतं.

गिरणारे सकाळी सातला गाठा. पेठ-हरसूल बाजूने आलेले मजूर नाक्यावर जमलेले असतात, बागायतदार पिकअप घेऊन येतात, दिवसाची मजुरी ठरते आणि गाड्या भरून बागांकडे जातात. तासाभरात नाका रिकामा. चहाच्या टपरीवर बाजूला उभं राहून बघा. त्यांच्या तोंडासमोर मोबाइल धरू नका, ते रोजगारासाठी उभे आहेत.

दिंडोरी हे तालुक्याचं गाव आहे, तिथे बघायची म्हणून खास वस्तू शोधू नका. बाजारपेठेतून चाला, एखाद्या कृषी सेवा केंद्राबाहेर दोन मिनिटं थांबा. तिथे बसलेल्या माणसाला "दादा, यंदा माल कसा आहे" एवढं विचारलं की द्राक्षाबद्दल जे कळतं ते कुठल्या टूरमध्ये कळत नाही. मला एका काकांनी तिथेच दाखवलं होतं, खिशातून छोटी नळीसारखी दुर्बीण काढली, एक मणी चिरडून त्याचा थेंब काचेवर टाकला आणि डोळ्याला लावायला दिली. आत निळी-पांढरी रेघ दिसते, ती जिथे थांबते तो साखरेचा आकडा. काढणी आज की चार दिवसांनी हे त्यावर ठरतं.

पिंपळगाव बसवंतला बाजार समितीत कांद्याचे लिलाव सकाळी बघायचे. ट्रॅक्टर-पिकअपच्या रांगा लागलेल्या, व्यापारी एका गाडीवरून दुसऱ्या गाडीकडे सरकत बोली लावतात आणि एका गाडीचा भाव मिनिटभरात फुटतो. रविवारी आणि सणाला बंद असतं, आदल्या दिवशी गावात विचारून घ्या. गाडी आत घालू नका, बाहेर लावून चालत जा.

निफाडच्या बाजूला एक सकाळ असेल तर नांदूरमध्यमेश्वर. गोदावरी आणि कादवेच्या पाण्यावरचं पक्षी अभयारण्य, २०२० साली रामसर यादीत (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) गेलेलं राज्यातलं पहिलं ठिकाण. उजाडता उजाडता पोचायला हवं, म्हणजे गंगापूरच्या तळावरून अंधारातच निघावं लागतं. जमणार नसेल तर सोडा, दहा वाजता जाऊन काही उपयोग नाही.

एका सकाळी एकच गाव. दुपारचं जेवण गावातच, पिठलं-भाकरी किंवा मिसळ, आणि पोट भरून मगच वायनरीकडे.

सावधान: वाटेत बागेत शिरून घड तोडू नका. तो चोरीचा माल तर आहेच, पण वर औषध असतं. पानांवर निळसर पांढरे डाग दिसले तर नुकती फवारणी झाली आहे असं समजा. आणि वाइनचं द्राक्ष खाऊन लोक हिरमुसतात, ते लहान, जाड सालीचं आणि बियांचं असतं. ओळख सोपी आहे: मांडवावर किंवा वाय आकाराच्या अँगलवर डोक्याच्या उंचीला घड लटकतात तो बहुतेक खायचा माल, आणि कुंपणासारख्या तारांच्या ओळींत कमरेच्या उंचीला घड दिसले तर बहुतेक वाइनचा.

## ७. वायनरी: दुपारी तीनला, दिवसाला एक

फोन करून वेळ घेतल्याशिवाय जाऊ नका. दिंडोरी आणि विंचूरकडे कितीतरी वायनऱ्या फक्त उत्पादन करतात, पाहुण्यांसाठी दार उघडत नाहीत, आणि नकाशावर नाव दिसलं म्हणून तीस किलोमीटर जाऊन लोक गेटवरून परत येतात.

आधी टूर, मग टेस्टिंग. काढणी चालू असेल तर क्रेट उतरताना, देठ वेगळे होताना बघायला मिळतं, टाक्यांपाशी आंबल्याचा वास येतो, आणि मग ग्लासात काय आहे ते समजतं. टेस्टिंगचा क्रम ते लावतीलच, स्पार्कलिंग (फसफसणारी), व्हाइट, रोझे, रेड आणि गोड शेवटी. मध्येच उडी मारून आधी शिराझसारखी रेड मागू नका, नंतरची चेनिन ब्लाँसारखी व्हाइट पाण्यासारखी लागते.

टेबलावर एक भांडं असतं, थुंकायला किंवा उरलेली ओतायला. आपल्याकडे ते वापरायला लाज वाटते, पण ते त्यासाठीच आहे. आवडली नाही तर ओता. प्रत्येक घोटामागे पाणी प्या. अत्तर किंवा डास पळवायचं मलम लावून जाऊ नका, मग दुसऱ्यांनाही वाइनचा वास कळत नाही.

तपासा: साडेपाचला तिथून निघायचं, अंधाराआधी तळावर. बिल खिशात ठेवा.

## ८. बाटली सांभाळणं

उन्हात उभी असलेली बंद गाडी फेब्रुवारीतही भट्टी होते. आम्ही एकदा दोन बाटल्या मागच्या काचेखाली ठेवून गावात जेवायला गेलो, परत आलो तर एकीचं बूच वर सरकलेलं आणि गोणपाटावर लाल डाग. ती वाइन नंतर शिजवल्यासारखी लागली. म्हणून बाटल्या शेवटी घ्यायच्या आणि कूलरमध्येच ठेवायच्या.

तळावर बर्फ मिळत नसेल तर सुती पंचा ओला करून पिळा, बाटलीला गुंडाळा आणि वारा लागेल अशा सावलीत ठेवा, पंचा सुकला की परत ओला करा. माठ जसा गार होतो तसंच हे. संध्याकाळी तासाभरात व्हाइट पिण्याजोगी होते. रेडला काही करायची गरज नाही, जानेवारीतली रात्र पुरते.

धरणाच्या काठावर किंवा रस्त्याकडेला बसून पिऊ नका, सार्वजनिक जागी पिणं गुन्हा आहे.

सावधान, हे मोठं: दिंडोरी-वणीवरून पुढे सापुतारा जवळ आहे म्हणून बरेच जण ट्रिप तिकडे वाढवतात. सापुतारा गुजरातमध्ये आहे आणि तिथे दारूबंदी आहे. नाशिकला घेतलेलं बिल तिथे कामाला येत नाही. गाडीत एक बाटली जरी असेल तरी सीमा ओलांडू नका. आणि वणीच्या गडावर जायचं असेल तर तो दिवस वेगळा ठेवा, टेस्टिंग करून देवीला जाऊ नका, तिथल्या लोकांना ते खटकतं.

## ९. उठताना

शेवटच्या सकाळी घाई करून ओला तंबू गुंडाळतात आणि पुढच्या ट्रिपला उघडला की बुरशी. ऊन चढेपर्यंत थांबा, वरचं कापड उलटं करून वाळत घाला, तोवर चहा करा. काळी माती लागलेल्या खुंट्या तिथेच पुसा. वेळ नसेल तर घरी पोचल्यावर त्याच दिवशी गच्चीत पसरवा.

रिकाम्या बाटल्या मोजून गाडीत ठेवा. फुटलेली काच शेतात राहिली की पुढच्या मशागतीत ती कुणाच्या तरी पायात जाते, या बागांमध्ये अनवाणी काम करणारे खूप असतात. जेवढ्या आणल्या तेवढ्या परत, बुचांसकट.

मालकाला निघताना सांगून जा आणि जागा त्याच्याबरोबर एकदा फिरून बघा. घरी नेलेल्या बाटल्या आठवडाभर अंधारात, न हलवता ठेवून मग उघडा, आणि स्पार्कलिंग असेल तर उघडण्याआधी फ्रिजमध्ये तीन-चार तास तरी.